रुमाल टाकलेली जागा

“काळजीच सोडा तुम्ही. पोरीसाठी रुमाल टाकून जागा धरतोच की मी रोज.”

हे मी स्वयंपाकघरात ऐकलं. बाहेरच्या खोलीत पप्पा आणि ते बसले होते, मी चहा गाळत होते. कप भरला, चहा बशीत आला, ओट्यावर सांडला, तरी मी गाळतच राहिले. पप्पा म्हणाले, “तुमच्यामुळं लई आधार हाय बघा. न्हाईतर एकट्या पोरीला जीपमधी पाठवायचं म्हणजे…” मग दोघं हसले. मम्मीनं ओटा पुसून ट्रे माझ्या हातात दिला. “दे नेऊन. आणि नीट बोल जरा. रोज तुझ्यासाठी जागा धरतेत बिचारे.”

मी ट्रे नेला. कप उचलताना त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, वडीलधारी माणसं हलवतात तशी.

ते आमच्या कॉलनीत दोन गल्ल्या पलीकडे राहतात. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, सकाळी पप्पांसोबत फिरायला जाणारे. मुदखेडच्या बाजूला त्यांची शेती आहे, म्हणून रोज नांदेडहून तिकडं जातात. माझी नोकरीही त्याच रस्त्यावर, मुदखेडच्या अलीकडच्या एका गावात. एका लहान दवाखान्याच्या लॅबमध्ये मी रक्त काढते, तपासते, रिपोर्ट लिहिते. माझ्या वेळेला बस नाही. काळी-पिवळी जीप आहे. नोकरी लागली तेव्हा पप्पांनी त्यांना सांगितलं, “पोरगी तुमच्याच जीपला असते, जरा लक्ष असू द्या.” आणि ते लक्ष देऊ लागले.

जीपमध्ये जागा धरायची रीत अशी की खिडकीतून आत रुमाल टाकायचा. सीटवर कुणाचा रुमाल पडला की ती जागा त्याची. त्यावरून कुणी भांडत नाही. म्हातारी माणसंसुद्धा रुमाल बघून पुढं सरकतात. त्यांचा रुमाल मोठा, निळ्या चौकड्यांचा, धुऊन इस्त्री केलेला असायचा. मधल्या सीटवर खिडकीशी ते आणि त्यांच्या शेजारी तो रुमाल. मी स्टँडवर पोचले की सगळ्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “ये पोरी, जागा हाय तुझी.” मी बसण्याआधी रुमाल उचलायचे आणि घडी घालून स्वतःच्या मांडीवर ठेवायचे. मधल्या सीटवर चौघं बसतात. ड्रायव्हर बाहेरून ओरडायचा, “सरका सरका, एक अजून बसतंय,” आणि आम्ही सरकायचो. शहर मागं पडलं की तो रुमाल पसरला जायचा, थोडा त्यांच्या मांडीवर, थोडा माझ्या. त्याच्याखाली त्यांचा हात असायचा.

मी बॅग दोघांच्या मध्ये ठेवून बघितली. डबा ठेवून बघितला. टाचणी नेली, पण काढली नाही. एकदा मागच्या सीटवर जाऊन बसले, तर त्यांनी संध्याकाळी घरी येऊन पप्पांना विचारलं, “पोरगी नाराज हाय का माझ्यावर? मागं जाऊन बसली, गड्यामाणसांत.” पप्पा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बेटा, माणसाचं मन मोडू नये.”

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं एक मॅडम चार्ट घेऊन आल्या होत्या. कुठला स्पर्श चांगला, कुठला वाईट, मोठ्यानं ‘नो’ म्हणायचं, ‘ट्रस्टेड अ‍ॅडल्ट’ला सांगायचं. आम्ही सगळ्या मुलींनी एका सुरात ‘नो’ म्हटलं होतं. घरी मात्र त्या चार्टमधलं काहीच नव्हतं. घरातली भाषा वेगळी, आणि त्या भाषेत ही गोष्ट पप्पांसमोर कशी म्हणायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी मनात वाक्यं तयार करायचे. ती मनातसुद्धा अर्ध्यावर थांबायची. शिवाय ते वाक्य खोलीत एकदा पडलं की पप्पा परत सकाळी फिरायला जाणार नाहीत, हे मला माहीत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, जातील की काय, हीही भीती होती.

जीपमध्ये एक बाई असायची. पहाटे नांदेडच्या बाजारात झेंडू विकून रिकाम्या टोपल्या घेऊन परत जाणारी. ती समोरच बसायची. एक दिवस उतरताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू डायवरपाशी बसत जा गं.” म्हणजे तिला दिसत होतं. मला वाटलं होतं की कुणालाच दिसत नाही, म्हणून मी गप्प आहे. दिसत असूनही सगळे गप्प आहेत हे कळल्यावर जीपमध्ये बसणं आणखी जड झालं.

तेव्हा मी गाडीचं ठरवलं.

“स्कूटीचं लग्नात बघू,” पप्पा म्हणाले. “जावयाला द्यायचीच हाय एखादी. तवर जीप हाय की.” कर्जाच्या कागदावर सही करायला ते तयार नव्हते. पप्पा वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की माझी सोय झालेली आहे. आणि दवाखान्याच्या गावाकडच्या रस्त्याचा शेवटचा तुकडा काळ्या मातीचा. पाऊस झाला की स्कूटीची लहान चाकं त्यात रुतून बसतात, हे मी आमच्या नर्सबाईंचं बघितलं होतं.

लॅबचा कोर्स मी लातूरला केला. हॉस्टेलवरून कॉलेजला जाताना रस्त्यात एका मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज लागायचं. तिथं कोपऱ्यात एक जुनी शंभर सीसीची मोटरसायकल उभी असायची, सडपातळ, मरून रंगाची, टाकीवर धूळ. माझी सगळी वर्षं ती तिथंच उभी होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मार्कशीट आणायला लातूरला गेले, तेव्हाही होती. गॅरेजवाल्यांना सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणाले.

“चाचा, ती विकायची आहे का?”

त्यांनी आधी माझ्या मागं कुणी आहे का ते बघितलं. “किसके लिए? भावासाठी?”

“माझ्यासाठी.”

“हौ?” ते हसले नाहीत, पण त्यांच्याकडे बसलेला रिक्षावाला हसला. “मॅडम, ती पेट्रोल कमी, ऑइल जास्त पिते. आन् किक मारायला पैलवान लागतो.”

“तू गप बे,” चाचा म्हणाले. “तुझी रिक्षा तरी धक्क्याशिवाय चालू होती का?” मग मला म्हणाले, “बेटा, मालक पोराकडं पुण्याला गेला, म्हणाला विकून टाका. कागदं हायेत. पण ही टू-स्ट्रोक हाय. हिचं लफडं असतं. तुला कशापायी पाहिजे?”

“वेळ वाचतो,” मी म्हणाले.

पुढचे काही रविवार मी पहाटेच्या एसटीनं नांदेडहून लातूरला जायचे आणि संध्याकाळी परतायचे. घरी सांगितलं होतं, गाडी बघतेय, हौस आहे. ‘हौस’ हा शब्द मी मुद्दाम निवडला. हौसेला कारण विचारत नाहीत, फक्त हसतात. पप्पा हसले. म्हणाले, “पगार तुझा हाय, कर बाई.”

चाचा काम चांगलं करायचे पण बोललेल्या दिवशी कधीच नाही. पहिल्या रविवारी गाडी जशीच्या तशी होती. ते कुणाच्या तरी लग्नाला निलंग्याला गेले होते. दुसऱ्या रविवारी टाकी खाली काढलेली. आत गंज इतका की टाकी हलवली तर खुळखुळा वाजावा तशी वाजायची. त्यांनी तिच्यात बारीक खडी आणि रॉकेल घालून दिली माझ्या हातात. “हलव.” मी दुपारभर ती मांडीवर घेऊन हलवत बसले. लालभडक पाणी बाहेर यायचं, पुन्हा रॉकेल, पुन्हा हलवायचं. कार्बोरेटर उघडला तर त्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. क्लचची तार तुटायला आलेली. ब्रेकचे लायनर त्यांनी एकदा चुकीचे आणले, ते माघारी देताना दुकानदाराशी फोनवर भांडले, आणि त्या भांडणात तो रविवार गेला. सीटचं रेक्झिन फाटलं होतं, ते मीच सुई-दोऱ्यानं शिवलं. शिवलेलं बघून रिक्षावाला म्हणाला, “आता ह्याला जरीकाठ लाव.”

मला तिथं बरं वाटायचं. तिथं सगळे पुरुष होते, तरी. कुणी जवळ आलं तर पान्हा मागायला यायचं.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा निळा धूर एवढा झाला की समोरचं रसवंतीचं दुकान दिसेना. चाचा खोकत म्हणाले, “घाबरू नको. हे जुनं ऑइल जळतंय. नंतर कमी होईल, पण जाणार न्हाई. धूर निघतोय म्हणजे ऑइल जातंय. ऑइल जातंय म्हणजे इंजिन जित्तं हाय.” पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं ते त्यांनी मला करून दाखवलं. आधी ऑइल, मग पेट्रोल, मग गाडी धरून हलवायची. औषधाच्या बाटलीवर येतं तसलं एक प्लॅस्टिकचं माप त्यांनी दिलं. लॅबमध्ये मी दिवसभर तेच करते, एकात दुसरं मापून घालते. हे मला अवघड गेलं नाही.

चालवणं अवघड गेलं. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत मी गाडी पाडली, गाडीनं मला पाडलं. सायलेन्सरनं पोटरीवर भाजलं, त्याचा डाग अजून आहे. चाचा पत्र्याच्या सावलीतून ओरडायचे, “दोन बोटं क्लचवर! कायम! टू-स्ट्रोक कधी पकडंल सांगता येत न्हाई!” पकडणं म्हणजे इंजिन जाम होणं. तसं झालं आणि क्लच दाबला नाही तर मागचं चाक जागच्या जागी थांबतं, माणूस पुढं जातो. मी दोन बोटं क्लचवर ठेवायला शिकले, इतकी की पुढं जेवतानासुद्धा डाव्या हाताची दोन बोटं वाकलेली असायची.

लातूरहून नांदेडला गाडी एका टेम्पोत आली, सोयाबीनच्या पेंडीच्या पोत्यांना बांधून. मम्मीनं ओवाळलं आणि म्हणाली, “आता त्या काकांना काय सांगायचं? रोज जागा धरतेत.”

“सांग, आता धरू नका म्हणावं,” मी म्हणाले.

“असं तोडून बोलतेत का?”

गणपती उठल्यावर मी गाडीनं जायला लागले. ते काही आठवडे मला आठवतात ते वासानं: जळक्या ऑइलचा वास, सकाळच्या ओल्या उसाचा, आणि मुदखेडच्या बाजूच्या झेंडूच्या शेतांचा. आनंद झाला असं मी म्हणणार नाही. अंगावर जे रोज चढायचं ते चढलं नाही, एवढंच. आरशात बघितलं की माझ्यामागं निळ्या धुराची एक लांब पट्टी असायची. मागून येणारे हॉर्न मारून शिव्या द्यायचे. मला ती पट्टी आवडायची. जीप कधी मागून आली तर मी गाडी कडेला घ्यायचे आणि ती पुढं जाईपर्यंत आरशातच बघत राहायचे. मधल्या सीटवर रुमाल आहे की नाही ते मला दिसायचं नाही. पण आता तिथं कुणीतरी दुसरी बसत असेल हा विचार यायचा, आणि मी तो गिअर बदलून मागं टाकायचे.

दसऱ्याला पप्पांनी दोन्ही गाड्या धुतल्या, त्यांची आणि माझी. हार घातले. चाकाखाली लिंबू ठेवलं. संध्याकाळी ते रुमालवाले सोनं द्यायला घरी आले. मी आपट्याची पानं घेतली, मम्मीनं डोळ्यांनी खुणावलं म्हणून वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथं लागतो त्याहून जास्त वेळ ठेवला.

“पोरगी आमच्या जीपला विसरली,” ते पप्पांना म्हणाले. “रुमाल रिकामाच ऱ्हातो आता.”

“तिची हौस,” पप्पा म्हणाले.

“मग आम्हाला बी दाखवा की हौस. मागं बसवून एक चक्कर मार पोरी.”

“हाव, जा की,” पप्पा हसत म्हणाले. “काकाला कॉलनीतून एक राउंड दे. बघू तर द्या, कशी चालवती.”

ते चपला घालून निघालेच. मी त्यांच्या आधी बाहेर गेले. पुजलेल्या गाडीवरचा हार बाजूला केला आणि टाकीखाली हात घालून पेट्रोलचा कॉक बंद केला. किक मारली. कार्बोरेटरमध्ये होतं तेवढ्यावर गाडी सुरू झाली. ते मागं बसायला पाय उचलतायत तोवर मी जागेवरच जोरात रेस केली, दोनदा, तीनदा, आणि गाडी फडफडून मेली. पुन्हा किक. पुन्हा काही नाही. घाम येईपर्यंत मी किका मारल्या. मला सुरूच करायची नव्हती, पण किका खऱ्या मारल्या.

“जुनं मशीन,” ते पाय खाली घेत म्हणाले. “आमची जीपच बरी.”

“पेट्रोल संपलं असंल,” पप्पा म्हणाले. “थेंब थेंब भरती ती. सणासुदीला टाकी कोरडी.” त्यांच्या आवाजात थोडी लाज होती, पाहुण्यासमोर मुलीची गाडी बंद पडली होती. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. कॉक उघडला, किक मारली, एका किकेत सुरू. हवा गार होती. शहर मागं पडलं, रेल्वेचं फाटक मागं पडलं, आणि आरशात बघितलं तर मागं धूर नव्हता. स्वच्छ रस्ता दिसत होता. मला वाटलं, जुनं ऑइल जळून गेलं शेवटी, चाचा म्हणाले होते तसं. इंजिनचा आवाजही वेगळा, टणक येत होता. मी तोही चांगलाच समजले. पहिल्यांदाच मागून कुणी शिव्या देत नव्हतं, आणि मी जरा वेगात घेतली.

उसाच्या फडाजवळ गाडी जड झाली. कुणीतरी मागून धरून ओढावं तशी. मग धातूवर धातू घासल्याचा आवाज आला आणि मागचं चाक थांबलं. दोन बोटं दाबली गेली, माझ्या आधी. गाडी थोडी सरळ गेली, मग रस्त्याच्या कडेच्या मुरमावर आडवी झाली, मी तिच्यासोबत. कोपर सोललं, ओढणी फाटली, हेल्मेटची काच एका बाजूनं खरवडली. एवढंच. पण इंजिन पकडलं होतं. किकवर उभी राहिले तरी किक हलेना.

मी गाडी उभी करून टाकीचं झाकण उघडलं. आत गळ्यापर्यंत पेट्रोल. पांढरं स्वच्छ, पाण्यासारखं. ऑइल मिसळलं की पेट्रोलला रंग येतो. ह्याला रंग नव्हता, म्हणजे ऑइलच नव्हतं, इंजिन कोरडं चाललं होतं. मला लगेच सगळं कळलं. पप्पांनी काल संध्याकाळी, त्यांना सोडायला जाताना की नंतर, गाडी पंपावर ढकलत नेली असणार आणि टाकी फुल केली असणार. पप्पांकडे तरुणपणी अशीच पेट्रोलमध्ये ऑइल लागणारी स्कूटर होती. तेव्हा पंपावरचा माणूसच ऑइल मारून द्यायचा, विचारावं लागत नव्हतं. त्यांच्या डोक्यात ते तसंच राहिलं होतं. आता पंपावरच्या कुणाला ते माहीतसुद्धा नाही. पप्पांनी मला सांगितलं नाही, कारण त्यांना मला खूश करायचं होतं.

मी त्यांना फोन केला. येतो म्हणाले.

पप्पांच्या आधी जीप आली. मला बघून ड्रायव्हरनं कडेला घेतली आणि ते उतरले. “पडली का गं? दाखव.” त्यांनी माझं कोपर धरलं. मी ओढून घेतलं. जीपमधली माणसं बघत होती. “थांब रे दोन मिनिटं,” ते ड्रायव्हरला म्हणाले, “ओळखीची पोरगी हाय.” ड्रायव्हर कुरकुरला, पण थांबला. ते माझ्या शेजारी उभे राहिले, पप्पा येईपर्यंत, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, “आमचीच हाय, आमचीच हाय.”

पप्पा आले ते गाडी नीट स्टँडवर न लावताच धावत आले. माझं डोकं, हात, पाय बघितले. मग मोटरसायकलकडे बघितलं. “काय झालं? टाकी तर मी काल फुल केलती.”

“जाम झालं इंजिन,” मी म्हणाले.

“म्हणजे काय, संपलं?”

“आतलं पिस्टन गेलं असेल. उघडल्यावर कळेल.”

पेट्रोलचं मी बोलले नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नाही बोलवलं. चाचांकडे लातूरला टेम्पोतून न्यावी लागणार, पुन्हा रविवार, पुन्हा महिना-दोन महिने, हे मनात आलं. आणि उद्या सकाळी काय, हेही आलं.

“मी म्हणलं न्हवतं?” ते पप्पांना म्हणाले. “जुनं मशीन. आज कोपरावर भागलं. उद्या मागून ट्रक आला तर?”

पप्पांनी डोळे मिटले. “नको. बास झाली हौस.” मग माझ्याकडे वळले, एकदम हळू आवाजात, लहानपणी ताप आल्यावर बोलायचे तसं. “बेटा, तू जा ह्यांच्यासोबत. ड्युटीला उशीर होईल. गाडीचं मी बघतो. उद्यापासून जीपच. ह्यांच्या नजरेखाली असलीस की मला घोर न्हाई.”

“चला मग,” ते म्हणाले. त्यांनी जीपच्या खिडकीतून आत बघितलं. मधल्या सीटवर निळ्या चौकड्यांचा रुमाल पडलेला होता. कुणासाठी टाकला होता मला माहीत नाही. कदाचित सवयीनं. रुमालाच्या पलीकडे शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी दप्तर छातीशी धरून बसली होती, रुमालाकडे बघत. समोरच्या सीटवर टोपल्यांची बाई होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि या वेळी नजर काढून घेतली नाही.

“सरक गं बाळा,” ते त्या मुलीला म्हणाले, “ताईची जागा हाय ती.” आणि रुमाल उचलून त्याची घडी घालू लागले.

ड्रायव्हरनं हॉर्न मारला. “बसा लवकर ताई, पॅसिंजर खोळंबलंय.”

पप्पांनी माझी बॅग उचलून माझ्या खांद्याला लावली. माझ्या पाठीवर हात ठेवून जीपच्या दाराकडे हलकेच ढकललं. ते ढकलणं इतकं मायेचं होतं की मी दोन पावलं गेलेही. कोपरातून रक्त मनगटापर्यंत आलं होतं. रोज मी इतरांचं रक्त बघते. डाव्या हाताची दोन बोटं वाकून घट्ट झाली होती, जसं काही अजून क्लच दाबायचाय.

मी दाराच्या दांड्याला धरून थांबले. मागं वळले. आवाज माझाच होता पण फार मोठा निघाला, जीपच्या मागच्या सीटपर्यंत.

“पप्पा, मी ह्यांच्या शेजारी बसणार नाही. हे रुमालाखालून माझ्या मांडीवर हात फिरवतात. रोज. आता ह्या पोरीलाही तिथं बसू देऊ नका.”